शहारे मॅडमचे पऱ्हे

कारखान्याच्या फाटकातून आत आल्यावर शहारे मॅडम कोणाला नमस्कार करायच्या आधी पिशवीतून पाण्याची बाटली काढायच्या आणि थोडं पाणी जमिनीवर ओतायच्या. मग मान जराशी कलती करून ते पाणी कुठं जातं ते बघत उभ्या राहायच्या. पाणी धुळीत क्षणभर घुटमळायचं, मग त्याला एक जीभ फुटायची आणि ते निघायचं. त्या दिशेला बोट दाखवून मॅडम विचारायच्या, "उतार इकडं आहे. इकडं कोण राहते?"

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आमचे सेठजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कापगते, ये पूजा कर रही है क्या?" मलाही तसंच काहीतरी वाटलं होतं. पुढं कधीतरी धीर करून मी मॅडमना विचारलं, की जागेचा नकाशा आम्ही दिला होता, त्यावर उतार दाखवला होता, मग हे कशाला? त्या म्हणाल्या, "नकाशात उत्तर दिशा वर असते. पाण्याला उत्तर-दक्षिण कळत नाही, कापगते. त्याला फक्त खाली कळते."

मॅडम प्रदूषण मंडळाच्या अधिकारी होत्या. कुठल्या कारखान्याला काय परवानगी द्यायची याची पाहणी करून त्या शिफारस करायच्या आणि त्यांच्या शिफारशीशिवाय पुढचं काही हलायचं नाही. उंचीनं बेताच्या, केस पांढरे होऊ दिलेले, पायांत सरकारी माणसाला न शोभणारे रबरी बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, नमुने घ्यायच्या रिकाम्या बाटल्या आणि एक ॲल्युमिनियमचा डबा. डब्यात मोसमात उकडलेले शिंगाडे असायचे, एरवी मुरमुरे. चहा त्या कुठंही घ्यायच्या नाहीत. पाहणी संपली की ओट्यावर बसून डबा उघडायच्या आणि कामगारांत फिरवायच्या. सेठजींच्या केबिनमधला काजू तसाच राहायचा आणि सेठजी स्वतः बाहेर येऊन शिंगाडा सोलत उभे राहायचे. कारखान्यात येऊन काही न घेता उलट देऊन जाणारा अधिकारी त्यांनी पाहिला नव्हता. त्यामुळे ते मॅडमना थोडे घाबरून असत.

आमचा कारखाना गोंदियाच्या कडेला, मुर्री गावाच्या पलीकडं. राइस मिलच्या यंत्रांचे शाफ्ट आणि रोलर आमच्याकडं क्रोमचा मुलामा चढवायला येतात. धानाच्या टरफलानं लोखंड झिजतं, क्रोम चढवलं की टिकतं. मुलामा चढवून झाल्यावर वस्तू धुवाव्या लागतात आणि ते धुवण पिवळं असतं. उन्हात पाहिलं तर लिंबाच्या सरबतासारखं देखणं दिसतं. त्याइतकं विषारी पाणी माझ्या ओळखीत दुसरं नाही. ते आम्ही टाक्यात साठवून ठेवत होतो आणि टँकरनं दूरच्या शुद्धीकरण केंद्रात पाठवत होतो. पण आमच्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकासाठी टँकर वेळेवर यायचा नाही, टाकं भरत यायचं, आणि मी रोज काठी घालून किती जागा उरली ते मोजत बसायचो. शेवटी ठरलं की हे पाणी आपल्याच आवारात शुद्ध करायची परवानगी मागायची. मिळाली नाही तर मुलाम्याचा विभाग बंद, असं सेठजींनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या विभागातली माणसं आजूबाजूच्या गावांतली, बहुतेक सगळी धानवाली. शेतीचं चार महिने भागायचं, बाकी घर मुलाम्यावर चालायचं.

रसायनशास्त्राची पदवी कारखान्यात माझी एकट्याची, म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात. माझ्या स्वभावाविषयी इथं एक सांगून ठेवतो, त्याशिवाय मॅडमचं पुढचं बोलणं कळणार नाही. मला कशाचंही वाईट वाटतं. वीज गेली तरी मीच माफी मागतो. बायको म्हणते, तुमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसता. तर मॅडमच्या पहिल्याच भेटीत मी बसायला खुर्ची नीट नाही याबद्दल, ऊन आहे याबद्दल आणि टाक्याचा वास येतो याबद्दल माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "माफी राहू द्या. पाण्याची आम्लता किती आहे ते सांगा."

आणि मी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही पुस्तकातलं सांगाल. हा सांगेल." हा म्हणजे शालिकराम, टाक्यावर काम करणारा आमचा कामगार.

"टाकं भरलं का पहिले काय टाकशील रे शालिक?"

"पहिले ॲसिड, मॅडम. मंग पावडर. पाणी पिवळ्याचं हिरवं झालं का मंग चुना. मंग गाळ खाली बसते."

"आणि हिरवं व्हायच्या आधीच चुना टाकला तं?"

"तं साहेब बोंबलते."

मॅडम हसल्या. "काऊन बोंबलते ते विचार त्यांना. तुलाही माहीत पाहिजे." त्या दिवशी मला मुलाम्यावरच्या सगळ्यांना बसवून समजावून सांगावं लागलं, की पिवळं असताना विष पाण्यात विरघळलेलं असतं, हिरवं झालं की त्याचा जहरीपणा उतरतो आणि मगच चुन्यानं ते गाळात धरता येतं. पिवळ्यात चुना टाकला तर विष तसंच पाण्यातून पुढं जातं. परवानगीच्या तयारीसाठी बादलीत सराव करून घेताना मी त्यांना फक्त क्रम शिकवला होता.

पहिल्या दिवशी जमिनीवर ओतलेलं पाणी गेलं ते बिसेनकाकांच्या बाजूला. आमच्या तारेच्या कुंपणापलीकडं त्यांचं शेत, आणि कुंपणापासून हाकेच्या अंतरावर त्यांची विहीर. परवानगीविरुद्ध त्यांनी लेखी हरकत घेतली होती. मॅडमनी त्यांना कार्यालयात बोलावलं नाही, कुंपणाशी गेल्या. बिसेनकाका आले, पहिलं काम म्हणून घरातून तांब्याभर पाणी मागवलं.

मॅडम म्हणाल्या, "पाणी नको काका."

काकांचा चेहरा उतरला. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "मनात काही आणू नका. माझा बाप धानाच्या रोवणीला लोकांच्या शेतात, बांधीत जायचा, त्याला वरून ओंजळीत पाणी ओतत. तो राग मी तुमच्यावर काढून नाही राहिले. ज्या पाण्यासाठी सही करायची, ते पाणी आधी पिऊ नये, एवढंच. पुढं कधी पिईन." मग पुढच्या वाक्याला सरळ कामावर आल्या. "हरकत काय आहे तुमची?"

"हरकत हे आहे का यायच्या घरी घाण झाली तं यायनं बाहेर नेऊन टाकावं. माझ्या धुऱ्यापाशी, बांधाले लागून, कायले शिजवून रायले?"

"बाहेर म्हणजे कुठं?"

"कुठंई. दूर."

"दूर पण कोणाचा तरी धुरा असतेच ना, काका. टँकर रस्त्यात उलटला तं कोणाच्या बांधीत जाईल, ना तुम्हाला माहीत, ना मला. इथं झालं तं तुमच्या डोळ्यासमोर होईल."

"मले काय कळते त्यातलं? रिपोर्ट इंग्रजीत येते."

"पऱ्हे कळते का?"

बिसेनकाका चिडलेच. "पऱ्हे नाई कळत तं मी काय पुण्याहून आलो का?"

पऱ्हे म्हणजे रोवणीआधी वाफ्यात दाट पेरून तयार करतात ती धानाची कोवळी रोपं. आमच्या जिल्ह्यात पऱ्ह्यांकडं पाहून माणूस शेतकऱ्याची पत ठरवतो. मॅडमनी तिथंच अट घातली. ती कुठल्या नियमात नव्हती, त्यांची स्वतःची होती. कुंपणाच्या आत सिमेंटची दोन उथळ टाकी बांधायची, एकातलं पाणी दुसरीकडं जाणार नाही अशी. एका टाक्याला बिसेनकाकांच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्याला आम्ही शुद्ध केलेलं. धान बिसेनकाकांच्या घरचं, पेरायचंही त्यांनीच. चाचणी चालू आहे तोवर शुद्ध केलेलं बाकीचं पाणी बंद टाक्यात राहील, थेंबही बाहेर जाणार नाही.

मी म्हणालो, "मॅडम, प्रयोगशाळेत नमुना पाठवूच आपण."

"पाठवा. तो लागतोच. पण प्रयोगशाळेची बाटली एका दिवसाचं पाणी घेते. पऱ्हे रोज पेते."

काकांनी धान आणलं, भिजवलं, मोड आणून स्वतःच्या हातानं दोन्ही टाक्यांत टाकलं. त्यानंतर ते रोज सकाळी कुंपणाशी उभे. हरकत घेणाऱ्या माणसानंच पेरल्यामुळं प्रकरण विचित्र झालं होतं. पऱ्हे बिघडले तर त्यांचं म्हणणं खरं ठरणार, पण पऱ्हे त्यांचे. आमच्या टाक्यातले पऱ्हे काही दिवसांत फिक्कट पडू लागले तेव्हा त्यांना आनंद होईना आणि दुःखही लपेना. मला म्हणाले, "का हो कापगते, तुमच्या पऱ्ह्यायले कावीळ झाली का?"

मी हवालदिल झालो. पावडर वजन करून पाहिली, ॲसिड तपासलं, हिशेब पुन्हा मांडला. सगळं बरोबर. शेवटची खात्री करायचं एक औषध असतं, थेंब टाकला आणि पाणी गुलाबी झालं की विष शिल्लक आहे असं समजायचं. ती बाटली संपली होती, नवी नागपूरहून यायची होती. तोवर डोळ्यांवर भिस्त होती, आणि डोळ्यांना प्रत्येक वेळी पाणी छान हिरवं दिसत होतं. मला वाटलं, माती खराब असेल. मग वाटलं, माझंच नशीब खराब असेल.

आणि मग पऱ्हे सुधारले. पाहता पाहता असे गडद हिरवे झाले की विहिरीच्या पाण्यावरचे त्यांच्यापुढं फिके दिसायला लागले. मॅडम पाहणीला आल्या त्या दिवशी सेठजींनी पेढे आणून ठेवले होते. बिसेनकाका कुंपण ओलांडून आत आले होते.

"पाहा मॅडम," काका म्हणाले, "माझ्या बांधीपेक्षा बेस आहे. मी हरकत मागं घेतो. द्या सही."

सेठजींनी पेन पुढं केलं. सगळ्यांचं एकमत झालं होतं, विरोधकाचंसुद्धा. मी तिथं डोळे मिटून उभा होतो, इतकं हलकं वाटत होतं. त्या क्षणी मॅडमनी सही केली असती तर त्यांना कोणीही, कधीही दोष दिला नसता.

त्यांनी पेन घेतलं नाही. पदर खोचून टाक्याशी उकिडव्या बसल्या. पुष्कळ वेळ पानांकडं पाहिलं. मग एका टाक्यातलं एक रोप उपटलं, दुसऱ्यातलं एक उपटलं, आपल्या बाटलीतल्या पाण्यानं दोन्हींची मुळं धुतली आणि तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. विहिरीच्या पाण्यावरच्या रोपाला पांढरी, लांब, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी मुळं होती. आमच्या रोपाची मुळं तपकिरी आणि आखूड, जळक्या दोऱ्यासारखी.

"युरिया कोणं टाकला?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. मग शालिक डोकं खाजवत पुढं आला.

"म्या टाकलो, मॅडम."

"काऊन रे?"

"पिवळे पऱ्हे पाहवत नाई ना. येता-जाता दिसून राहते. घरी पिवळं दिसलं का मूठभर मारतो, तसा इथंई मारलो."

"कोणी सांगितलं होतं?"

"त्याले कोणं सांगा लागते का?"

बिसेनकाकांना हसू आवरेना. "बरोबर बोलून रायला पोट्टा. मी तं कुंपणातून हात घालून मारणार होतो."

मॅडमही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी असते तं मीही मारला असता," त्या म्हणाल्या. "पण शालिक, पानं युरियाचं सांगते. पाण्याचं फक्त मुळं सांगते." मग तळहात पुसला. "चला, टाकं दाखवा."

टाक्यावर काम चालूच होतं. ॲसिड झालं होतं, पावडर पडली होती, पाणी हिरवं झालं होतं. मी दाखवलं. मॅडमनी काचेचा ग्लास बुडवून भरला आणि तो हातात धरून शेडबाहेर चालू लागल्या. आम्ही मागोमाग. उन्हात जाऊन त्यांनी ग्लास उंच धरला. ग्लासातलं पाणी पिवळसर होतं. त्या परत आत आल्या, ग्लास तोच, पाणी हिरवं. पुन्हा बाहेर, पुन्हा पिवळसर. मग त्यांनी वर पाहिलं.

शेडवर हिरवा फायबरचा पत्रा होता. दिवसा दिवे लावायला लागू नयेत म्हणून आम्हीच बसवला होता. त्यातून येणाऱ्या उजेडात सगळंच हिरवं दिसत होतं, माझा शर्टही. पाणी पुरतं बदलायच्या आतच ते मला बदललेलं दिसत होतं, आणि मी चुना टाका म्हणत होतो.

सेठजी म्हणाले, "मॅडम, थोडासा ही तो पीला है."

"तो थोडासा काकाजी के कुएँ में डाल दें?" मॅडमनी विचारलं. सेठजींनी पेन खिशात ठेवलं.

मी माफी मागायला लागलो. मॅडमची, बिसेनकाकांची, शालिकची, कोणाकोणाची. विहीर दिसत होती समोर. परवानगी आधीच मिळालेली असती, पाणी बंद टाक्यात अडवलेलं नसतं, तर ते कुठं गेलं असतं ते मला दिसत होतं. मॅडमनी मला बोलू दिलं, आणि मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "कापगते, तुम्हाला वाईट वाटल्यानं हे पाणी हिरवं होते का?"

"नाही."

"मग पत्रा काढा."

एवढंच. ना नोटीस, ना आवाज चढवणं. जाताना सांगून गेल्या, की तपासणीचे थेंब आल्याशिवाय एकही टाकं पुढं सोडायचं नाही, चाचणीचं सगळं पाणी परत पहिल्यापासून शुद्ध करायचं, आणि त्या सिमेंटच्या टाक्यातली मातीसुद्धा घातक कचरा समजून ड्रममध्ये भरायची. सेठजींचे पेढे तसेच होते. मॅडमनी डबा उघडला, शिंगाडे फिरवले. पहिला शालिकला दिला.

आम्ही पत्रा बदलला, नागपूरहून थेंबही आले. बिसेनकाकांनी हरकत पुन्हा घेतली आणि धानही पुन्हा आणलं. "दुबार पेरणी करून रायलो तुमच्यापायी," असं रोज ऐकवायचे. शालिकला टाक्याजवळ जायची बंदी होती. तो लांबून बघायचा आणि हात पाठीमागं बांधून ठेवायचा. या वेळी मॅडम आल्या तेव्हा त्यांनी रोप उपटलं नाही. बिसेनकाकांना म्हणाल्या, "तुम्ही उपटा." काकांनी उपटलं, धोतराच्या सोग्यानं मुळं पुसली, उन्हाकडं धरली. मुळं पांढरी, लांब होती. मग रोप पुन्हा चिखलात खोचलं आणि म्हणाले, "करू द्या यायले काय करायचं ते. पण पऱ्हे दरसाल टाकीन मी."

प्रयोगशाळेचा रिपोर्टही चांगला आला आणि परवानगी मिळाली. मुलाम्याचा विभाग चालू राहिला. पाणी आम्ही आवारातच शुद्ध करून धुण्यालाच पुन्हा वापरतो, गाळाचे थोडे ड्रम तेवढे बाहेर जातात. ती दोन टाकी अजून आहेत. मोसम आला की बिसेनकाका न सांगता धान घेऊन येतात. मुळं मी पाहतो. आणि काही चुकलं की मला अजून वाईट वाटतं, स्वभाव काही गेला नाही. पण आता वाईट वाटायला लागलं की मी आधी वर पाहतो, पत्रा कोणता आहे ते. हे मी मॅडमचं देणं लागतो. त्या नसत्या तर माझ्या प्रामाणिकपणानंच मी एका माणसाची विहीर नासवली असती.

मॅडम निवृत्त झाल्या आणि इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या आपल्या गावी राहायला गेल्या. "या कधी," म्हणाल्या होत्या. मी दरवर्षी ठरवायचो आणि जायचो नाही. त्याचंही वाईट वाटायचं.

यंदा महाशिवरात्रीला आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडला गेलो होतो. खाली दर्ग्यावर फूल चढवून, वर महादेवाचं दर्शन घेऊन बायकोसह गाडीनं परत निघालो. दोन्ही बाजूंना उन्हाळी धान नुकतंच रोवलेलं, बांध्यांत पाणी चमकत होतं. एका वळणावर धुऱ्यावर रबरी बूट दिसले. मी गाडी थांबवली.

"काऊन थांबले?" मॅडमनी विचारलं, जणू मी कालच भेटलो होतो. केस पूर्ण पांढरे झाले होते. भावाची बांधी पाहायला आल्या होत्या.

मी म्हणालो, "माफ करा, इतकी वर्षं येणं—"

त्यांनी बोट वर केलं.

"पऱ्हे?"

"चांगले आहेत. मुळं पांढरी."

"काका?"

"रोज येतात कुंपणाशी. शिव्या देतात."

"मग बरं आहे."

ऊन होतं. बायकोनं गाडीतून पाण्याची बाटली काढून पुढं केली, घोटभर घ्या म्हणाली. मॅडमनी सवयीनं हात हलवून नको म्हटलं. मी म्हणालो, "मॅडम, हे बिसेनकाकांच्या विहिरीचं आहे. आम्ही तिथूनच भरतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बाटली घेतली, झाकण फिरवलं, उन्हाकडं धरून एकदा रंग पाहिला आणि तोंड लावून प्यायल्या. मधे न थांबता, लहान पोरगी पिते तशा. तोंड पुसलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही निघालो. वळणापाशी मी आरशात पाहिलं. बाटली त्यांच्याच हातात राहिली होती. उरलेलं पाणी त्यांनी धुऱ्यावर ओतलं होतं, आणि मान कलती करून ते कुठं जातं ते बघत उभ्या होत्या.